सहा नंबरचं पाणी

"ताई, तुमचा सहा नंबर मला मिळाला!" जिन्याच्या वळणावर नवी मुलगी समोर येऊन म्हणाली, आणि ताईच्या हातातली बाटल्यांची पेटी वीतभर खाली गेली. पडली नाही. कठड्याला कोपर टेकून तिने ती सावरली. रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटून खुळखुळल्या आणि गप्प झाल्या. "अरे वा, अभिनंदन," ती म्हणाली. बहुतेक योग्य त्या आवाजात म्हणाली असावी, कारण मुलगी हसली आणि एकेक पायरी गाळत खाली पळाली. ती मात्र तिथेच उभी राहिली. वळणावरच्या खिडकीतून खाडी-अभ्यास केंद्राचं आवार दिसत होतं: पालथी घातलेली नाव, दोरीवर वाळत टाकलेले रबरी बूट, आणि त्यापलीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल. तुमचा सहा नंबर. जसा काही तिने तो वापरून, धुऊन, घडी घालून धाकट्या बहिणीसाठी ठेवला होता.

खाली फलकावर यादी लागली होती. या वर्षी फेलोशिप मिळालेले पाच जण, प्रत्येकापुढे त्याचा विषय. नदी जिथे खाडीला मिळते त्या चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात केंद्राने आठ जागा ठरवल्या होत्या, आणि महिन्यातून एकदा ऐन ओहोटीला त्या आठही जागांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, गाळायचं, त्यात काय विरघळलंय ते मोजायचं, हे काम नऊ वर्षं एकही महिना न चुकता चाललं होतं. जागांना नावं नव्हती, नंबर होते. एक नंबर नदीच्या अंगाला. आठ नंबर शहराच्या मोठ्या नाल्याच्या तोंडाशी, तिथे सांडपाण्यातलं नायट्रेट भरमसाट निघायचं, न निघालं तरच नवल. सहा नंबर अधलामधला, जवळ ना नाला ना वस्ती. त्याच्याकडे नऊ वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी तिने भरून आणलेल्या पाण्यात सहा नंबरचं नायट्रेट एकदम आठपट निघालं, आणि केंद्राच्या प्रमुख मॅडम, ज्या कधी कशाने हुरळून जात नसत, खुर्चीतून उठून नकाशापाशी गेल्या. खाडीच्या तळातून जमिनीखालचं पाणी झिरपत असणार, वरच्या शेतांतलं खत घेऊन. ओहोटी वर्षातली सगळ्यात मोठी होती म्हणून ते त्या दिवशी पकडीत आलं. त्याच दिवशी आठ नंबरला मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. "नाल्यावर काहीतरी काम चाललं असेल," मॅडम म्हणाल्या. पुढच्या पाच महिन्यांत सहा नंबर पुन्हा नेहमीसारखा गरीब आणि आठ नंबर नेहमीसारखा माजलेला. "मग तेवढी ओहोटी परत आली कुठे?" मॅडम म्हणाल्या. त्या एका आकड्यावर तिची फेलोशिप एक वर्षाने वाढली. त्या एका आकड्यावर आता या मुलीचं अख्खं वर्ष ठेवलं जाणार होतं. आणि तो आकडा कदाचित सहा नंबरचा नव्हताच. हे जगात एकट्या तिला माहीत होतं. माहीत म्हणजे, नक्की माहीत नव्हतं. त्या 'नक्की नाही'च्या आडोशाला ती सहा महिने राहत होती.

धुण्याच्या खोलीत तिने पेटी ठेवली आणि नळ सोडला. बाटल्या तीन वेळा आम्लाने, तीन वेळा शुद्ध पाण्याने विसळायच्या. हे काम तिला आवडायचं, कारण हात चालू राहतात आणि मोजणी तीनच्या पुढे जात नाही. प्रयोगशाळेतले काका तिला एकदा म्हणाले होते, "तुम्ही बाटली अशी धुता, जणू त्यात औषध देणार आहात कुणाला." पहिल्या दिवशी याच खोलीत मॅडमनी सगळ्या नव्यांना उभं केलं होतं. ती त्यांच्यात सगळ्यात मोठी, तेहतिसाची. नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मग आलेली. बाकीची मुलं तिला ताई म्हणावं की मॅडम म्हणावं या पेचात. मॅडमनी दोनच नियम सांगितले होते. नंबर बाटलीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर कधीही नाही. "झाकणाचा भरवसा नाही. ते आज हिचं, उद्या तिचं." आणि गाळताना एका वेळी एकच बाटली उघडी. "दोन उघड्या दिसल्या तर मी काही बोलणार नाही. दोन्ही ओतून देईन." कुणीतरी हसलं होतं. तिने वहीत लिहून घेतलं होतं, अधोरेखित करून, शाळेच्या सवयीने.

मुलाखतीत निवड समितीच्या एका सदस्याने विचारलं होतं, एवढ्या उशिरा हे का सुचलं? तिला धड उत्तर देता आलं नव्हतं. रविवारी फोनवर तिने ते वडिलांना, अण्णांना, सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सांगायचं त्याला, उशिरा आलेली गाडीसुद्धा गाडीच असते. माणसं बसतात तिच्यात." अण्णा एकतीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते. घरात मात्र हाताला घड्याळ बांधत नसत. म्हणत, ते कामावरचं जनावर, घरात कशाला आणायचं? निवृत्त झाल्यावर त्यांचे दिवस मोकाट सुटले, आणि आई तर त्याआधीच गेलेली. दादाच्या घरी मागच्या खोलीत ते दुपारी झोपत, संध्याकाळी कंटाळत. तिला फेलोशिप मिळाली तेव्हा तिने सहज भरती-ओहोटीच्या वेळांचं वर्षभराचं कोष्टक त्यांना नेऊन दिलं, आणि कोष्टक हातात आल्याबरोबर अण्णांचे डोळे कामावरचे झाले. चष्मा वर सरकवून त्यांनी बोट खाली खाली नेलं. "ही रोज पन्नास मिनिटं लेट येते?" "साधारण तेवढीच." "रोज? आणि कुणी मेमो देत नाही?" मग ते इतके हसले की वहिनी बघायला आली. ते कोष्टक त्यांनी पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवलं. त्यानंतर प्रत्येक रविवारी, तब्येतीची चौकशी व्हायच्याही आधी, "उद्या किती वाजताची गं?" असं ते विचारत. विचारत म्हणजे, त्यांना माहीतच असे. ती बरोबर सांगते का ते बघत. तिनेही कधीकधी मुद्दाम दहा मिनिटं चुकवून सांगितली होती, फक्त पलीकडून येणारा तो तृप्त "अंहं" ऐकायला.

सहा महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी ओहोटी दहा वाजून वीस मिनिटांची होती. तासभर आधी आणि तासभर नंतर, तेवढ्यात आठही जागा व्हायला हव्यात, नाहीतर महिना हुकला. चार नंबरचं पाणी भरून होत होतं तेव्हा दादाचा फोन आला. "अण्णांना रात्रीपासून बरं नाहीये. जमलं तर ये." "म्हणजे कितपत?" "घाबरू नकोस गं. डॉक्टर बघून गेलेत. जमलं तर म्हणतोय." "संध्याकाळपर्यंत येते," ती म्हणाली. घर बसने चार तासांवर. नाव चालवणारा माणूस, जो दिवसभरात दहा वाक्यंही बोलत नसे, वल्हं पाण्यात तसंच धरून म्हणाला, "वळवू का मागं, ताई?" आणि ती म्हणाली, "नको. आलोच आहोत तर उरकून घेऊ." उरकून घेऊ. हे दोन शब्द नंतर तिला कुठेही भेटत. दात घासताना, बसच्या रांगेत, भाजी निवडताना. भांडी उरकतात, कपडे उरकतात. वल्ह्यावरून पाणी थेंबथेंब गळत होतं आणि तो माणूस अजून क्षणभर थांबला होता, हेही तिला आठवे. त्या क्षणभरात तिला दुसरं काही म्हणता आलं असतं. पाच नंबरपाशी शेजारून एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेने पेटीत पाणी शिरलं आणि तळाच्या तीन रिकाम्या बाटल्यांवरच्या नंबरांच्या चिकटपट्ट्या सुटून तरंगायला लागल्या. बाटल्यांच्या ओल्या अंगावर मेणाची पेन्सिल घसरत होती. झाकणं कोरडी होती. तिने झाकणांवर लिहिलं, सहा, सात, आठ, आणि किनाऱ्यावर गेल्यावर पुसून नीट अंगावर लिहू असं ठरवलं. किनाऱ्यावर गेल्यावर तिच्या डोक्यात दोनची बस होती.

प्रयोगशाळेत तेव्हा कुणी नव्हतं. पाच बाटल्या शहाण्यासारख्या एकेक करून गाळून झाल्या. घड्याळात एक वाजून गेला होता. उरलेल्या तीन तिने एकदम उघडल्या. एकेकीत तीन मिनिटं वाचली असती, फार तर चार. झाकणं रिवाजाप्रमाणे उलटी, आतली बाजू वर, प्रत्येक बाटलीसमोर एकेक ठेवली. म्हणजे नंबर टेबलाकडे तोंड करून. खिडकीत ठेवलेला फोन वाजला. खिडकी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. "अण्णा गेले," दादा म्हणाला. "बरं," ती म्हणाली. बरं. आणि टेबलाशी परत आली. पण फिरून अलीकडे आली, की पलीकडूनच उभी राहिली, हे तिला आजतागायत आठवलेलं नाही. मधे कधीतरी तिने झाकणं गोळा करून हातात घेतली होती, कारण तिला आठवतं ते एवढंच, की ती तीन झाकणं मुठीत होती आणि त्यांच्या कडा तळहातात रुतत होत्या. मग तिने ती लावली. डावीकडून सहा, सात, आठ. पण डावीकडून म्हणजे कुठल्या बाजूने उभं राहून? पलीकडून उभं राहिलं तर सहाची आठ होते आणि आठची सहा. सात नंबर दोन्हीकडून सातच. झाकणांवरच्या त्या नंबरांनीच तिने तिन्ही गाळून शीतपेटीत ठेवल्या, टेबल पुसलं, दोनची बस पकडली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली.

घरी पोचली तेव्हा अण्णांना नेलेलं होतं. आत्या दारातच बसली होती. आत्याचं आणि तिचं कधी जमलं नव्हतं, तरी ती सरळ आत्यापाशी गेली, आणि आत्या तिच्याकडे वर न बघता म्हणाली, "मिळाले का गं पाण्यात मोती?" दादाने ते ऐकलं. तो तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला, पाण्याचा पेला हातात दिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नकोस. अण्णाच म्हणत होते, तिला कळवू नका, आज तिची दहा वीसची आहे. पहाटेपासून तेच. मी फोन केला तो त्यांना न सांगता." त्याला वाटलं होतं, याने तिचं ओझं हलकं होईल. दादा भला माणूस आहे. त्या क्षणापासून त्या आठ बाटल्यांत नुसतं पाणी राहिलं नाही. तिने तिची सकाळ त्यांत घातली होती, आणि अण्णांनी, शुद्धीवर असलेल्या आपल्या शेवटच्या तासांतून, तिला बघण्याची इच्छा बाजूला काढून त्यांत घातली होती. असं पाणी वाया गेलं असं म्हणायचं, तर कुणाच्या तोंडाने? आठवड्याने ती परत आली, मोजणीचा कागद यंत्रातून बाहेर पडला, सहा नंबरसमोरचा आकडा तिने पाहिला, मग आठ नंबरसमोरचा. त्याच वेळी मॅडम खुर्चीतून उठून नकाशापाशी गेल्या होत्या. तिने तोंड उघडलं होतं. मॅडम म्हणाल्या, "शाबास," आणि ती शाबासकी ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने ती ठेवून घेतली.

यादी लागली त्या दुपारी नवी मुलगी डबा घेऊन तिच्याच टेबलाशी आली. मुलीला गप्प बसता येत नसे. घास तोंडात असतानाही हात बोलत. "ताई, खरं सांगा, तुम्हाला आधीच वास लागला होता ना? सहा नंबरचा?" "नाही गं." "माझे बाबा तर सगळ्या गल्लीत सांगत सुटलेत, आमची पोरगी जमिनीखालचं पाणी शोधून काढणार. शेजारचे विचारायला आले, आमच्या विहिरीचं बघाल का म्हणून." ती हसली. मुलगीही हसली, मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मला त्या डोंगरातल्या तळ्यावरची इंटर्नशिपसुद्धा मिळालीये, सहा महिन्यांची. मासे मोजायचे. उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. नाहीच म्हणणार आहे. तळं काय, कुठे पळून जातंय? असं सहा नंबरसारखं काही पुन्हा थोडंच मिळतं!" ती मुलीच्या हातांकडे बघत राहिली. नखांभोवतीची सालं कुरतडलेली. आम्लाने अजून पिवळी पडलेली नव्हती. वर्षभर ही मुलगी दर ओहोटीला सहा नंबरवर जाईल, तळाशी पाणी ओढायच्या नळ्या रोवेल, आणि काहीच सापडणार नाही. पहिले काही महिने ती ओहोटीला दोष देईल. मग नळ्यांना. मग स्वतःला. वर्गात चांगली मुलं असंच करतात. चुकीच्या छापलेल्या गणिताशी रात्र रात्र झटतात आणि सकाळी रडवेल्या चेहऱ्याने येऊन म्हणतात, बाई, मला येत नाही. "जेवा ना ताई," मुलगी म्हणाली. "तुमचं तसंच आहे सगळं."

संध्याकाळी बसथांब्यावरून तिने दादाला फोन लावला. वहिनीचं गुडघेदुखीचं सांगून झालं, पोरांच्या परीक्षांचं सांगून झालं. "तू जेवतेस ना वेळेवर?" "हो रे." "आवाज असा का?" "बसथांब्यावर आहे." मागच्या खोलीचं काय केलं, हे तिने विचारलं नाही. दादाने आपणहून सांगितलं की रंग देऊन घेतलाय, पोरांना अभ्यासाला होईल. भिंतीवरचं कोष्टक काढलं असणार. रंगाऱ्याने खरवडून काढलं असणार, चिकटलेलं होतं ते. ती म्हणाली, "छान केलंस." उद्या सकाळी सात चाळीसची ओहोटी होती आणि संपूर्ण शहरात हे तिला विचारणारं कुणी नव्हतं. हे काही मोठं दुःख नव्हे, असं ती स्वतःला समजावत असे. लोकांचं केवढं केवढं जातं. तिचं फक्त एक प्रश्न विचारणारं माणूस गेलं होतं. तिला एकदम दादाला सांगावंसं वाटलं, ते पाणी बहुतेक फुकट गेलं, दादा. सगळंच. पण दादाने ते कुठे ठेवलं असतं? त्याने पुन्हा भिंतीकडे बघत काहीतरी चांगलं बोलून टाकलं असतं, आणि ते तिला आणखी सहा महिने पुरलं असतं. "बस आली," ती म्हणाली. बस आलेली नव्हती.

सकाळी मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं. मॅडम कात्रीने एका नळीचं टोक कापत होत्या. "बोल," त्या न बघता म्हणाल्या. तिने उभ्यानेच सांगितलं. चिकटपट्ट्या, झाकणं, तीन उघड्या बाटल्या. पाठ केल्यासारखं एका दमात बाहेर पडलं आणि संपलंही फार लवकर. सहा महिने जे छातीवर बसलं होतं ते एवढंसं निघालं. मॅडमनी कात्री खाली ठेवली. "झाकणावर लिहिलंस." "हो." "तू." "हो, मॅडम." "अदलाबदल झाली हे नक्की आहे?" "नक्की नाही." "आकडे काय म्हणतात?" "आकडे म्हणतात, झाली." बाहेर कुणीतरी नाव सरळ करत होतं, त्याचा घासल्यासारखा आवाज येत होता. "चूक कुणाकडूनही होते," शेवटी त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "मी तीन परिषदांत हे बोलून आले. त्या पोरीला जुंपायला निघाले. आणि तू रोज समोर बसून चहा पीत होतीस." मॅडमनी नळी बाजूला सारली. "तुझं वाढीव वर्ष राहील असं मी सांगू शकत नाही. समितीला कळवावं लागेल." "हो." "त्या पोरीने तळ्याला नकार पाठवला का?" "दुपारपर्यंत मुदत आहे तिची." "मग आत्ता जाऊन सांग. नको, थांब. मी सांगते. तुझ्याकडून ऐकलं तर ती तुझीच समजूत काढत बसेल."

मॅडम खालच्या मजल्यावर गेल्या आणि पाच-सात मिनिटांत परत आल्या. त्या काय म्हणाल्या, मुलगी काय म्हणाली, तिने विचारलं नाही. खालून नेहमीचा बडबडीचा आवाज येत नव्हता, तेवढं तिला ऐकू आलं. मॅडमनी कपाटातून त्या महिन्याची मूळ नोंदवही काढून तिच्यापुढे उघडली. केंद्रात आकडा खोडत नाहीत, पुसत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि समोर 'रद्द' लिहून कारण लिहायचं, सही करायची. सहावर रेघ. सातवर रेघ. "सात तर बरोबर असणार," ती म्हणाली. "असणार," मॅडम म्हणाल्या. "मार." आठवर रेघ. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: तीन बाटल्या एकाच वेळी उघडल्या, झाकणांची अदलाबदल झाल्याचा दाट संभव. वही फिरवून तिने मॅडमपुढे सरकवली. मॅडमनी वाचलं, पुन्हा तिच्याकडे सरकवली. "हे काय झालं ते लिहिलंस. का झालं ते समिती विचारेल. नऊ वर्षांत तीन बाटल्या कुणी एकदम उघडल्या नाहीत, अगदी नवख्या पोरांनीसुद्धा. तुझ्याकडून का?" तिने पेन उचललं आणि लिहिलं, 'घाईमुळे'. मॅडम उलट्या बाजूने वाचत होत्या. "घाई कसली? दुपारी काही नव्हतं इथे. प्रयोगशाळा रिकामी होती. कसली घाई होती तुला?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. 'उरकून घ्यायचं होतं' हे ओठांवर तयार होतं, इतके महिने तेच तर होतं. नावेत मागे न वळलेली लेक ती. फोनवर 'बरं' म्हणालेली. टेबल पुसून निघालेली. पण टेबल एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं, ते फोन वाजायच्या आधीचं: एक वाजून गेलेला, पाच बाटल्या झालेल्या, आणि आपलेच हात, जे कधीच चुकत नसत, एक झाकण काढून न थांबता दुसरं काढतायत, तिसरं काढतायत. तीन मिनिटांसाठी. चार मिनिटांसाठी. दोनच्या बससाठी.

"घरी जायचं होतं," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. त्या आठवड्यात तिने रजा कशासाठी घेतली होती ते त्यांना माहीत होतं. तो दिवस आणि वहीतली ही तारीख मात्र त्यांनी आता पहिल्यांदा जुळवून पाहिली. बाहेर नाव पाण्यात गेली होती, घासल्याचा आवाज थांबला होता.

"तेच लिही," मॅडम म्हणाल्या.

रकाना अरुंद होता. 'घरी' एका ओळीत बसलं, 'जायचं होतं' खाली गेलं. तिने सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.